भुसकट कुणीकडं?

मी रणधीर, पोलिसांना रायफल शिकवणारा उस्ताद. उस्तादाच्या तोंडी लागू नका, असं जुन्या पोरी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगतात, आणि खरं सांगतात. पण त्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर माझं तोंड बांधलेलं होतं. स्पर्धा सुरू झाली की उस्तादानं जोडीशी एक शब्द बोलायचा नाही, असा नियम.

येडशीच्या बाजूचा डोंगर, त्याच्या पायथ्याला तीनशे मीटरवर टार्गेट. सृष्टी रायफलीवर पालथी, शेजारी आरोही दुर्बिणीला. एकीनं वारा सांगायचा, दुसरीनं वाऱ्याच्या उलट तेवढा नेम सरकवून घोडा ओढायचा. राज्याच्या संघात एकच जोडी जाणार होती. आमच्या जिल्ह्याची आजवर कधी गेली नव्हती, आणि शेजारच्या जिल्ह्याचे उस्ताद शिवप्पा मला दर वर्षी त्याची आठवण करून द्यायचे.

पहिल्याच गोळीला घात झाला.

मी दोघींकडून 'डावीकडून, उजवीकडून' असं घोकून घेतलं होतं. पण घाईत तोंडात घरचाच शब्द येतो. आरोही म्हणाली, "उगवतीचं वारं हाय." सृष्टीनं नेम मावळतीकडं सरकवला आणि गोळी मावळतीच्या कडेला जाऊन बसली.

काय झालं ते मला लगेच कळलं. आरोही मेंढरांमागं वाढलेली. वारं जिकडून येतं त्या दिशेचं ते वारं, कारण मेंढरं तिकडं पाठ करून उभी राहतात. सृष्टी जळकोटच्या शेतकऱ्याची. तिच्या खळ्यावर उफणताना भुसकट जिकडं उडतं त्या दिशेचं ते वारं. उगवतीकडून येणारं वारं गोळी मावळतीला ढकलत होतं, आणि हिनं वरून नेमही तिकडंच नेला. दुष्काळात तेरावा महिना.

आणखी एक गोळी अशी गेली असती तर संपलंच होतं. शिवप्पा कानाशी म्हणाले, "उस्ताद, पुढच्या साली बघू की." मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आरोहीनं दुर्बिणीवरचा डोळा न काढता विचारलं, "सृष्टे, तुमच्यात उगवतीचं म्हंजी भुसकट उगवतीला जातंय व्हय?"

"व्हय. मग?"

"आमच्यात उलटं. आता म्या भुसकटच सांगते. भुसकट मावळतीला."

पुढच्या सगळ्या गोळ्या मधोमध बसल्या. राहिली शेवटची.

डोंगरावरची पवनचक्की अजून उगवतीकडंच तोंड करून फिरत होती. इतर जोड्या तिच्याकडं बघून बार काढत होत्या. सृष्टीचं बोट घोड्यावर गेलं.

"थांब," आरोही म्हणाली. टार्गेटपुढच्या उन्हाच्या झळा तिला उलट्या वाहताना दिसल्या होत्या. "खाली फिरलंय. भुसकट उगवतीला, जरासंच."

माझ्या गालाला जुनंच वारं लागत होतं, सृष्टीच्याही गालाला लागत असणार. तिनं मान वर केली नाही की काही विचारलं नाही. नेम सरकवला आणि बार काढला. गोळी ऐन ठिपक्यात.

संघात आमची जोडी गेली. माझे डोळे भरले, ते दोघींनी बघितलं, बघू देत.

शिवप्पा हात मिळवायला आले. "उस्ताद, ते भुसकट म्हंजी कसला कोड? आमच्या पोरींनाबी शिकवा की."

"शिकवतो," मी म्हणालो. "फकस्त एक खळ्यावरची लागते आन् एक मेंढरामागची. आन् चुकल्यावर एकमेकीला इचारणाऱ्या लागतात. हायेत का तुमच्याकडं?"