पाचवं फळ

रिबेकाने भिजवलेल्या पोह्यांचं पातेलं आठवड्यात चौथ्यांदा लेकाच्या फ्रिजमध्ये ढकललं आणि दार जरा जास्तच जोरात लावलं. दारावरच्या चुंबकाखालचा कागद खाली पडला. नोआमने हाताने काढलेला सायकलचा रूट होता तो: घर, मोठा चढ, खिंड, बारा वळणांचा उतार, पायथ्याशी फ्रूट स्टँड आणि नदीकाठच्या सपाट रस्त्याने परत घर. अठ्ठावन्न किलोमीटर. दहा वाजून गेले होते आणि नऊला परत येतो म्हणून गेलेला मुलगा अजून बेपत्ता होता.

सोमवारचे पोहे तिने शेवटी कांदा घालून फोडणीला टाकले होते. मंगळवारचे आणि बुधवारचेही. तिन्ही दिवस चिरंजीवांनी "आई, सुपर" म्हणत दोन-दोन बशा चापल्या होत्या. पोहे फोडणीसाठी नव्हते हो. टोरांटोहून बॅगेतून आणले होते ते मलिद्यासाठी.

गेल्या ऑगस्टमध्ये, कॅनडाच्या पश्चिम टोकाकडच्या याच ओकानागन खोऱ्यात, नोआम आपल्या घराजवळच्या घाटात सायकलवरून पडला. डावी मांडी मोडली, खुबा निखळला. फोन आला तेव्हा रिबेका टोरांटोच्या घरी बेसमेंटमध्ये कपडे वाळवत होती. तिथेच, ओला टॉवेल हातात धरून, तिने नवस बोलला होता: एलियाहू हन्नबी, माझ्या लेकाला पुन्हा उभा कर. जिथे पडला तिथलंच फळ तुझ्या ताटात ठेवीन. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात नवस फेडायचा म्हणजे मलिदा करायचा. गोड पोहे, खोबरं, पाच फळं आणि हन्नबीच्या, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या, नावाने प्रार्थना. ती प्रार्थना घरात तिचा नवरा ज्युडा म्हणायचा. तो जाऊन तीन वर्षं झाली, आता म्हणायची नोआमनेच.

केळी, सफरचंदं, द्राक्षं, खजूर ग्रोसरीतून आले होते. पाचवं फळ म्हणजे त्या फ्रूट स्टँडवरचा पीच. रोज तिथून तर जातोस, चार पीच आण, एवढंच तिने सांगितलं होतं. सोमवारी तो विसरला. मंगळवारी जर्सीच्या खिशात मावत नव्हते. काल म्हणे स्टँड बंद होता. त्यात ठाण्याहून बहिणीचे, सारिनाचे, मेसेज: झाला का मलिदा? आज गुरुवार. उद्या सकाळचं विमान, कारण संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत घरी पोचायला हवं. मोडलेल्या पायाने रोज त्याच घाटात जायला याला वेळ आहे, आईच्या चार पीचना नाही! रिबेकाच्या डोक्यात तिडीक गेली.

तिने पातेलं पुन्हा बाहेर काढलं. खोबऱ्याचा डबा, फळं, मोठं ताट, प्रार्थनेचं पुस्तक, सगळं नोआमच्या गाडीत मागच्या सीटवर मांडलं. आता वाट बघणं बस झालं. जिथे भेटेल तिथे, रस्त्याच्या कडेला का होईना, त्याला बसवायचं आणि मलिदा उरकायचा. सायकलबद्दलही आज स्पष्टच बोलायचं. भाषण तिच्याकडे वर्षभर तयार होतं.

घाट तिला नको होता, म्हणून ती नदीकाठच्या रस्त्याने, रूटच्या उलट्या बाजूने निघाली. डावीकडे जाळ्या पांघरलेले द्राक्षांचे मळे, उजवीकडे उघडेबोडके डोंगर आणि सेजब्रशची करडी झुडपं. पाऊस या खोऱ्याला ठाऊकच नसावा. अकरालाच गाडीतला तापमानाचा आकडा चौतीस दाखवत होता. वाटेत सायकलवाले भेटत होते, दोघे-दोघे, चौघे-चौघे, एका रंगाचे कपडे घातलेले. प्रत्येकाच्या हेल्मेटखाली ती आपला मुलगा शोधत होती. एकही तो नव्हता.

स्टँड उघडा होता. पत्र्याच्या छपराखाली एक साठीची पंजाबी बाई पीचच्या टोपल्या लावत होती. रिबेकाने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं,

"मेरा बेटा आया था क्या इधर? सायकल पे? रोज आता है."

"साइकिल वाले तो बहुत आते हैं जी. कैसा है?"

रिबेकाने फोनमधला फोटो दाखवला. बाईने चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटोकडे बघितलं आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"ये तो वो पिछले साल वाला है! मैंने ही एम्बुलेंस बुलाई थी. अपनी चुन्नी बाँधी थी इसके पैर पे." तिने रिबेकाचा हात धरला. "चलता है अब?"

"चलता है मतलब? रोज तो सायकल लेके इधर तक आता है."

"ना जी. उस दिन के बाद नहीं आया. मैं तो सुबह छह बजे से यहीं होती हूँ, रोज."

"कल बंद था ना आपका?"

"अगस्त में कौन बंद करता है!"

रिबेकाने पीचही घेतले नाहीत. ती गाडीत बसली आणि जो घाट तिला नको होता त्याच घाटाला लागली. खोटारडा. चौतीस वर्षांचा घोडा आणि आईशी खोटं बोलतो. मग जातो कुठे रोज? पहिली चार वळणं ती रागाने चढली. पुढची भीतीने. डावीकडे कठडा आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. तळहात स्टिअरिंगवर घसरायला लागले.

बारावं वळण संपलं, खिंड आली आणि तिथे निळी सायकल कठड्याला टेकवलेली दिसली. शेजारी नोआम जमिनीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन. तो बसला होता तिथलं गवत चपटं झालं होतं, एका दिवसात होत नाही इतकं.

"आई? तू इथे कशी?"

"पीच आणायला निघाले होते. कोणी आणून देत नाही ना."

तो हसला नाही. रिबेका त्याच्याजवळ गेली. उभीच राहिली.

"कधीपासून चाललंय हे?"

"एप्रिल. डॉक्टर म्हणाले, यू कॅन राइड, तेव्हापासून."

"आणि अठ्ठावन्न किलोमीटर?"

"इथून मागे फिरतो, थोडं उतरतो, परत चढतो. ऑलमोस्ट तेवढंच होतं." त्याने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. "चढताना काही नाही होत, आई. पाय फाइन आहे. पण पलीकडची ती बारा वळणं दिसली की हात ब्रेकवर लॉक होतात. सुटतच नाहीत. मग बसतो. वाटतं, अजून पाच मिनिटांनी जाऊ. मग दोन तास होतात."

खालून दोन सायकलवाले धापा टाकत वर आले, नोआमकडे बघून त्यांनी ओळखीची मान हलवली आणि पलीकडे निघून गेले. त्यांना तो रोज इथेच दिसत असणार.

"आज ठरवलं होतं," नोआम म्हणाला. "तू उद्या जाणार. तुझे ते पीच... एनीवे." तो उठला. उठताना डाव्या मांडीवर हात ठेवावा लागला त्याला. "सायकल गाडीत टाकूया. मागची सीट पाडली की मावते. घरी जाऊन तुझा मलिदा करू, आणि मग मी ही विकून टाकतो. आय अ‍ॅम डन. यू वेअर राइट."

वर्षभर रिबेका हेच शब्द ऐकायला टपून बसली होती. फोनवर आडून, समोर बसून, रडून, अबोला धरून तिने हेच मागितलं होतं. आता मिळालं तर आनंद कसा तो होईना. ती लेकाकडे बघत राहिली. पाय सरळ होते, दोन्ही जमिनीवर टेकलेले होते. उभा कर, एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. आणि तिचा मुलगा एप्रिलपासून इथे बसून होता. तिला पुन्हा राग आला, पण या वेळी तो नोआमचा नव्हता. अर्धवट कामाचा नवस फेडून घ्यायला निघाला होता हन्नबी!

नोआमने सायकल उचलून गाडीपाशी आणली.

"जागा नाही," रिबेका म्हणाली.

"का?"

"मागे पोहे आहेत."

त्याने काचेतून आत बघितलं. "डिकीत ठेव ना ते."

"डिकी भरली आहे."

डिकीत बर्फ झाडायच्या ब्रशशिवाय काही नव्हतं. गाडी नोआमची होती, ब्रशही त्याचाच. तो तिच्याकडे बघत राहिला.

"आई, मला नाही जमणार."

"मी कुठे काय म्हटलं? मी खाली स्टँडवर जाते. पीच घ्यायचेत, आणि त्या बाईची एक चुन्नी आपल्याकडे राहिली आहे, तिला नीट थँक यू सुद्धा कोणी म्हटलेलं नाही. मलिदा तिथेच करते. प्रार्थना मला येत नाही, ती तुला म्हणायची आहे. उशीर झाला तर उन्हाने पोहे आंबतील, एवढं बघ."

"लहानपणी तू मला अलिबागजवळ खंडाळ्याला नेलं होतंस," नोआम एकदम म्हणाला. "खडकावर त्या चाकाच्या खुणा. एलियाहूच्या रथाच्या."

"मग?"

"तो मला उतरवणार का आता?"

"तो वर गेला रथातून. उतरायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. तुझं तुलाच बघायचं आहे." ती वळली आणि कठड्याजवळच्या सेजब्रशची एक डहाळी मोडू लागली. मलिद्याच्या ताटात वासासाठी सब्जाची पानं लागतात; इथे सब्जा कुठला. डहाळी चुरडताच कडवट, स्वच्छ वास आला. "सावकाश उतर. किती का वेळ लागेना."

गाडी सुरू केल्यावर तिने आरशात बघितलं नाही. बघितलं असतं तर ती थांबलीच असती.

बाई तिथेच होती. रिबेकाने सांगितलं त्यातलं किती तिला कळलं देव जाणे, पण तिने काउंटरवरच्या दोन टोपल्या बाजूला केल्या आणि ओल्या फडक्याने जागा पुसली. रिबेकाने पोह्यांत साखर, वेलची, खोबरं घातलं, ताटात ढीग रचला. भोवती केळी, सफरचंदं, द्राक्षं, खजूर. सेजची डहाळी. एक जागा मोकळी ठेवली.

"ये नहीं रखना?" बाईने पीच पुढे केला.

"रुको थोडा."

डोक्यावर घ्यायला तिने काही आणलं नव्हतं, रागात सगळं थोडंच आठवतं. बाईने आपली चुन्नी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. दोघी ताटाशी उभ्या राहिल्या. वीस मिनिटं झाली. पोह्यांवर एक माशी आली, तिला बाईने हाकललं. पंचवीस. वरून आधी एक ट्रक उतरला, मग कोणाचीतरी कॅम्पर व्हॅन, आणि तिच्या मागोमाग, खूप वरून, ब्रेकचा आवाज आला. लांबलचक, करकरीत. थांबला. मग पुन्हा आला, थोडा खालून.

बाई छपराबाहेर गेली आणि कपाळावर हात धरून वर बघू लागली.

रिबेका गेली नाही. तिने एक पीच निवडला, नळाखाली धुतला आणि चुन्नीच्या टोकाने पुसत राहिली. आवाज थांबत होता, पुन्हा येत होता. ती मनात वळणं मोजत होती. नऊ झाली, दहा झाली. बारावं वळण मोजून झाल्यावर तिने पीच ताटात ठेवला.