काचपेटीतलं पाणी

“काच जोडायच्या लुकणातच विष असावं, साहेब,” उकंडराव मास्तर म्हणाले. बोलून गेले, आणि हात खिशात घातला.

शाळा तपासायला आलेल्या डिप्टी साहेबांनी छडीचं टोक काचपेटीवर टेकवलं. आत बेडकुळ्या, बोटाएवढी बेडकं, उताण्या तरंगत होत्या. “बनवली कोणी?”

“वाहेद कंदीलवाल्यानं.”

तिसऱ्या बाकावर त्याची पोर ताहेरा बसली होती.

*

पेटीच्या तळाशी काय? पैनगंगेची वाळू, निवळ पाणी सुटेस्तोवर धुतलेली.

वाळूवर? अर्धा बुडालेला दगड, शेवाळ. वरून जाळी.

काच कशानं जोडली? खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेल्या लुकणानं. वाहेद म्हणाला होता, “जुनी काच नाही लावत, मास्तर. माही पोरगी बी पाह्यणार हाय.”

पाणी?

*

पाणी नदीचं. साहेब येणार त्या सकाळी गढूळ दिसत होतं. साहेबांना बेडकुळ्या दिसायला हव्यात म्हणून मास्तरांनी तुरटी फिरवली, घरी रुक्मिणीबाई घागरीत फिरवते तशी. ती दोन गिरक्यांत हात काढते. मास्तर फिरवतच राहिले. पाणी काचेसारखं झालं. बेडकुळ्या जाळीला धडका देऊ लागल्या, मग गप्प झाल्या. शिस्त आली, असं त्यांना वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी बाजारात शालूबाईनं वाहेदनंच बनवलेला तेलाचा डबा त्याच्यापुढं ठेवला.

“ठिव तुह्याजवळ. साहेबासमोर निंघालं म्हंते, तुह्या हातात इख हाय.”

“वैनी, दहा सालापासून याच डब्यातलं तेल खाऊन राह्यल्या तुमी.”

“म्हणूनच गुडघे दुखत असतीन.”

माणसं हसली. पलीकडे वांगी निवडत असलेले मास्तर खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

*

वाहेद शाळेत आला तो हातात गिलास घेऊन. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नकाशाखाली पेटी तशीच होती. मेलेल्या बेडकुळ्या तेवढ्या काढल्या होत्या. त्यानं गिलास बुडवला, पोरांकडे तोंड केलं आणि घटघटा प्यायला.

“पाह्यलं बे पोट्टेहो? काई इख नाही.”

मग तो जिभेनं दात चाटत उभा राहिला. मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाला, “तुरटी लय झाली, मास्तर.”

मास्तरांचा हात खिशात होता. तुरटीचा खडा घामानं बुळबुळीत झालेला.

“बसा, वाहेदभाई.”

“नाही. दुरुस्तीचे कंदील पडले हायत.” दाराशी तो थांबला. मास्तर आता बोलतील म्हणून थांबला. मग त्यानं गिलास टोपीत घातला, टोपी काखेत धरली आणि बोडक्यानंच उन्हात उतरला.

ताहेरा उभी राहिली.

“गुर्जी, मंग बेंडकं काऊन मेले?”

“पुस्तकं काढा,” मास्तर म्हणाले.

तिनं पुस्तक काढलं. उघडलं नाही.