शुक्रवारचा वास

माझं नाक सासरी-माहेरी दोन्हीकडं गाजलेलं आहे. डाळ बुडाला लागायच्या आधी मला कळतं, दूध नासायच्या आधी कळतं, आणि आमच्या ह्यांनी चोरून तंबाखू खाल्ली तर ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळतं. पंधरा वर्षं झाली, जालन्यात मी डबे करते. रोजचे चाळीस. म्हणून घर घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना सांगून टाकलं की ही दैवशाला घर नाकानं निवडणार.

अप्पाराव नावाच्या एजंटानं दाखवलेलं सातवं घर मला पाहताक्षणी आवडलं. शहराच्या टोकाला, ऐसपैस स्वयंपाकघर, दोन मोठ्या शेगड्या मांडता येतील अशी मागची पडवी, एका बाजूला सुटी खोली. फक्त ओट्याशी उभं राहून खिडकीबाहेर बघितलं की सांडपाण्याच्या प्लांटच्या गोल टाक्या दिसायच्या. अर्ध्या शहराच्या मोऱ्यांचं पाणी तिथं येतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे कल्याणरावांनी, तिथल्या तिथं मान हलवली. डब्याला एकदा जरी तो वास लागला तर चाळीस माणसं दुसऱ्या दिवशी दुसरी मेस शोधतील, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं. डबे गेल्यावर घर काय चाटायचंय?

पण मी टेंभुर्णीची. लग्नाआधीच्या सगळ्या सुग्या खळ्यावर ज्वारी उफणण्यात गेल्या. वारा कुठून उठतो आणि कधी पडतो, हे मला कुणी शिकवू नये. दुसऱ्या दिवशी सूपभर भुसकट घेऊन मी त्या घराच्या गच्चीवर चढले आणि अप्पारावांसमोर सूप वर धरलं. भुसकट सरळ टाक्यांकडं उडालं. म्हणजे वारा घराकडून प्लांटकडं. सकाळी गेले, दुपारी गेले, दिवेलागणीला गेले, तिन्ही वेळा तेच. थंडीत वारा उलटा फिरतो, हे मला माहीत होतं, पण थंडीत वास कसला उठतोय, असं मीच ठरवून टाकलं. अप्पाराव म्हणाले की गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली, सूप घेऊन आलेलं हे पहिलंच.

घराची मालकीण कांताबाई. सत्तरीची, एकटी. घर विकून आष्टीला लेकीकडं जायचं, एवढंच तिचं ठरलेलं. लेक वंदना महिना-दीड महिन्यानं एखाद्या रविवारी येते, तासभर बसते आणि लगेच परत जाते, हेही तिनंच सांगितलं. मी कुणाकडं रिकाम्या हातानं जात नाही. तिसऱ्या खेपेला तिच्यासाठी डबा नेला होता, मेथीची भाजी, भाकरी आणि ठेचा. म्हातारी पोटभर जेवली. डबा घासूनपुसून माझ्या हातात देताना रिकामा कसा द्यायचा म्हणून तिनं त्यात गुळाचा खडा टाकला. मग आवाज खाली आणून म्हणाली, शुक्रवारी दुपारी ये, आणि अप्पारावला सांगू नको.

शुक्रवारी गेले तर लाईट नव्हती. त्या भागात दुरुस्तीसाठी दर शुक्रवारी सकाळी दहापासून जाते म्हणे. टाक्यांची एरवीची घरघरही बंद होती. मी आधी गच्चीवर जाऊन भुसकट उडवलं. गेलं प्लांटकडंच. मोठ्या तोऱ्यात खाली आले. कांताबाई मला मोरीत घेऊन गेली. मोरीच्या भोकावर ओलं पोतं आणि पोत्यावर दगड होता. तिनं दगड बाजूला केला, पोतं उचललं.

आणि वास आला. असा आला की माझ्या नाकाची सगळी कीर्ती एका श्वासात गेली. मी इतके दिवस आभाळ राखत बसले होते आणि वास खालून आला. लाईट गेली की पंप थांबतात, गटार तुंबतं आणि आतली घाण हवा मोरीतून वर चढते. खळ्यावर मोरी कुठं असते? माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दर शुक्रवारी आसंच," कांताबाई म्हणाली. "तुझी भाकर खाल्ली माय, मंग तुझ्यापासून लपवू कसं? ह्या वासापायीच तर वंदना राहत न्हाई माझ्यापाशी. आल्यापासून नाकाला पदर."

मी वाकून पाहिलं. मोरीचं भोक नुसतं उघडं होतं. चाळीस डब्यांची भांडी घासणाऱ्या बाईला मोरीचं काय सांगायचं? तिथं ट्रॅप नव्हता. वाटीएवढी वस्तू, तिच्यात पाणी साचून राहतं आणि खालची हवा अडते. प्लंबरचं तासाभराचं काम.

खरं सांगते, त्या क्षणी मला लोभ सुटला. गप्प बसले असते तर घर माझं होतं. सांगितलं तर बिनवासाचं घर म्हातारी कशाला विकेल? लेक येऊन राहील, नातवंडं अंगणात खेळतील. पण जिनं स्वतःचं गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून पोतं उचललं, तिच्यापुढं माझं तोंड गप्प बसेना. सगळं सांगून टाकलं.

"तासाभराचं काम?" तिनं विचारलं.

"हो मावशी. उद्यासुद्धा होईल."

घर गेलं, असं मी मनात म्हटलं. कांताबाईनं पोतं परत भोकावर टाकलं, दगड ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. बोटांवर वार मोजू लागली.

"पण वंदना तर आयतवारी यायची," ती सावकाश म्हणाली. "आयतवारी लाईट कुठं जाती?"

वास शुक्रवारचा, वंदना रविवारची. डोळे माझेच भरून आले. तिचे कोरडेच होते. उठली, लुगडं झटकलं आणि व्यवहाराच्या आवाजात बोलली.

"घर तूच घे. मी काही आता आष्टीला जात न्हाई. बाजूची खोली मला ठेव, अन् एक डबा जास्तीचा धर."

ट्रॅप पुढच्याच आठवड्यात बसवला. शुक्रवारी लाईट गेल्यावर आम्ही दोघी मोरीसमोर पाट टाकून तासभर वास घेत बसलो. आला नाही. थंडीतला उलटा वाराही आता येऊन गेला. एक-दोन दिवस पहाटे जरासं जाणवलं, पण माझ्या फोडणीपुढं त्याचं काही चाललं नाही. चाळिसातला एकही डबा सुटला नाही.

एक्केचाळिसावा डबा मी स्वतः बाजूच्या खोलीत नेऊन देते. रविवारी कांताबाई दोन सांगते. न जाणो, वंदना आली तर. संध्याकाळची आष्टीहून येणारी गाडी येऊन गेली की ती मला हाक मारते आणि तो दुसरा डबा आम्ही दोघी मिळून खातो.