आठचा फोन

स्टुडिओत त्याला सगळे कात्री म्हणत, आणि त्याला त्याचा कोण अभिमान. तीस वर्षं त्याने एकाच गायकाची गाणी रेकॉर्ड केली. लोक त्या गायकाला वादळ म्हणत. मैदानं तुडुंब भरायची, आणि गिटारांच्या गदारोळात हा गडी घसा खरवडून असा ओरडायचा की कानठळ्या बसाव्यात. गाण्याच्या मागचंपुढचं खोकणं, शिव्या, गप्पा, सगळं कात्री कापून टाकायचा आणि संध्याकाळी पुसून साफ. टेप होत्या तेव्हाही, कॉम्प्युटर आल्यावरही. कचरा साठवायचा नसतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मग त्याच घशाने दगा दिला. कॅन्सर. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, तरी दुखणं छातीत उतरायचं ते उतरलंच. "फार तर महिना," ते त्याच्या बायकोला, वहिनींना म्हणाले. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर लोक त्याची गाणी म्हणत बसलेले, रेडिओवर दिवसभर तोच, आणि आत तो पाटीवर लिहून पाणी मागत होता.

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. त्याची आई दूर गावी राहायची. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी पार अधू. रोज सकाळी आठला तो तिला फोन करायचा, जगात कुठेही असो. ऑपरेशन झाल्यापासून दीड महिना फोन बंद. म्हातारीला सांगितलं होतं, दौऱ्यावर आहे, जहाजावर आहे, तिथून फोन लागत नाही. थापा तरी किती मारायच्या? सांभाळणारी बाई सांगायची, आजी साडेसातपासूनच फोन मांडीवर घेऊन बसतात. तिला पाटी दिसणार नाही, याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. म्हणजे आईशी न बोलताच जायचं.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी एक मुलगी होती. तिने वाट दाखवली. त्याचं साधं बोलणं अर्धा तास मिळालं, तर तो टाइप करेल ते कॉम्प्युटर त्याच्या आवाजात बोलेल. "पण गाणं नको, बोलणं हवं," ती म्हणाली.

"मग काळजीच मिटली," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींकडे ढिगाने असेल."

मुलाखतींत वादळ स्टेजवरच्याच घोगऱ्या आवाजात बोलायचा, तो त्याचा नखरा. मोबाइलवर नुसते अंगठे पाठवायचा. खऱ्या आवाजात बोलायचा तो फक्त आईशी. आणि रेकॉर्डिंगच्या दिवसांत हा आठचा फोन व्हायचा काचेपलीकडे, माइकसमोर उभ्याउभ्या, कात्री आवाजाची पातळी बघत असताना. "आई, गोळी घेतलीस? खोटं बोलू नकोस, मला कळतं." चांगली पंधरा-पंधरा मिनिटं, मशीन चालू, शब्दन् शब्द रेकॉर्ड. आणि संध्याकाळी कात्री तो स्वतःच्या हाताने पुसायचा.

तरी त्याने चार दिवस शोधलं. कपाटं उपसली, जुन्या टेपा लावून बघितल्या. सगळं कसं लखलखीत. एक शिंक सापडेल तर शपथ. आपल्या कामाचा एवढा तिटकारा त्याला आयुष्यात आला नव्हता.

पाचव्या दिवशी तो खाटेपाशी गेला आणि सांगून मोकळा झाला. "गड्या, काहीही नाही. सगळं मीच पुसलं."

वादळाने पाटी ओढली आणि लिहिलं, "गाण्यांतून बनव." चार शिव्या लिहिल्या असत्या तर कात्रीला बरं वाटलं असतं.

मुलगी नको नको म्हणत होती, पण बनवलं. गाणी आणि मुलाखती जोडून जो आवाज निघाला तो घोगरा, ताठर, कुणा परक्याचा. वहिनी म्हणाल्या, चालेल. चालणार नाही हे कात्रीला दिसत होतं, पण आता कोणत्या तोंडाने बोलणार?

दुसऱ्या दिवशी बरोबर आठला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला.

वादळाने बटण दाबलं. "आई, मी बोलतोय," स्पीकर म्हणाला.

"कोण आपण?" म्हातारीने अदबीने विचारलं.

तो घाईघाईने टाइप करू लागला. अक्षरं चुकत होती, आणि म्हातारी हॅलो हॅलो करत होती. अखेर आवाज निघाला. "मी, तुझा मुलगा. ठेवू नकोस."

कात्रीने डोळे मिटून घेतले.

"अहो भाऊ, तुमचा नंबर चुकलाय," म्हातारी म्हणाली. "रागावू नका, पण ठेवता का? आठ वाजलेत, माझ्या मुलाचा फोन यायचाय."

फोन बंद झाला. वहिनींनी पुन्हा लावायला हात नेला, तर वादळाने त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने पाटीवर लिहिलं, "नको. तिची लाइन मोकळी ठेव."