तूच खेळ, बाबा

रविवार उजाडला की भिंगरीचं पोट दुखायचं. शाळेच्या दिवशी नाही, आजोळी जाताना नाही. बरोबर रविवारी, फुटबॉलचे लांब मोजे पायात चढवायच्या वेळी. एका जागी कधी उभी राहायची नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. आणि आता हीच पोरगी पोट धरून सोफ्याच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसली होती. तिच्या बाबाला काही उलगडाच होईना.

"अगं, काल संध्याकाळी हीच पॅसेजमध्ये बॉल बडवत होती ना? खालच्या मजल्यावरच्या काकू भांडायला वर आल्या होत्या!" तो बायकोला म्हणाला.

"आल्या होत्या. आणि डॉक्टरही म्हणाले की पोटात काही नाही."

"मग नाटकं करतेय का ही?"

"एवढ्याशा पोरीला इतकं छान नाटक जमत असेल, तर फुटबॉल सोडून तिकडेच घालू की तिला," बायको म्हणाली.

बाबा हसला नाही. समोरचा संघ तगडा होता, मॅच महत्त्वाची होती. त्याने आपल्या चष्म्याच्या दुकानाला रविवारी सकाळी कुलूप ठेवायला सुरुवात केली होती ती काय उगाच? त्याने भिंगरीची समजूत घातली, बुटांच्या नाड्या आवळून बांधल्या आणि तिला गाडीत बसवलं. भिंगरीची आत्या दोन दिवस राहायला आली होती, तीही बरोबर निघाली. आत्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. दुखावलेले गुडघे आणि घोटे पुन्हा चालते करायचं तिचं काम.

मैदानावर कमरेएवढ्या उंचीचे गोल होते आणि गुडघ्यापर्यंत पोचणाऱ्या जर्सीतली पोरं होती. कडेला मात्र आईबाबांची अशी गर्दी, की जणू देशाची इभ्रत पणाला लागली आहे! त्यातल्या एका गृहस्थांना सगळे शिट्टीकाका म्हणत, कारण मैदानात पंच हजर असतानाही ते स्वतःची शिट्टी घेऊन येत.

खेळ सुरू झाला आणि कडेची माणसं सुटली.

"पुढे पळ, पुढे!"

"अरे, मागे ये! मागे कोण आहे?"

"पास दे! अगं, आपल्या माणसाला दे!"

सगळ्यांत खणखणीत आवाज आपला आहे, हे बाबाच्या गावीही नव्हतं. तेवढ्यात बॉल घरंगळत भिंगरीच्या पायाशी आला. समोर मोकळं मैदान!

"मार, भिंगरी! डावीकडे! डावीकडे म्हणतोय ना! मार!"

भिंगरीने बाबाकडे पाहिलं. मग कोचकडे पाहिलं, मग शिट्टीकाकांकडे. आणि तिने वाकून बॉल चक्क दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला आणि चालत चालत कडेला, बाबासमोर येऊन उभी राहिली.

"हा घे," ती म्हणाली. "तूच खेळ, बाबा. तुला सगळं येतं."

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. टोमणा कसा मारतात हे तिला माहीतच नव्हतं. ती खरोखरच बॉल देत होती!

लगेच गलका झाला. "हाताने उचलला! पेनल्टी द्या!" शिट्टीकाका मैदानात घुसले. "लहान आहे हो ती!" म्हणत दुसरा एक बाप त्यांच्या अंगावर धावून गेला. कोच मध्ये पडला. पोरं बिचारी एकमेकांच्या जवळ सरकून मोठ्यांचं भांडण बघत राहिली. आणि बाबा? तो हातात बॉल घेऊन खुळ्यासारखा उभा होता. हसावं, रागवावं, की माफी मागावी? आणि मागायची तर कुणाची?

घरी आल्यावर तो आत्याला म्हणाला, "ताई, माझं काय चुकलं ते तरी सांग. मुलांकडे लक्ष दिलं नाही तर बेजबाबदार बाप. लक्ष दिलं तर हे असं!"

"लक्ष देणं आणि लगाम ओढणं, यात फरक आहे रे."

"पण पुढे जगात स्पर्धा आहेच ना? आत्ताच सवय नको का?"

"हिला अजून डावा बूट कुठला नि उजवा कुठला, ते कळत नाही. आणि तू 'डावीकडे' म्हणून बोंबलत होतास!" आत्या म्हणाली. "माझ्याकडे शाळकरी खेळाडू येतात. त्यांचा पाय मी बरा करते. पण एखाद्याला सांगितलं, 'आता खेळायला हरकत नाही,' तर तो आईबापांची नजर चुकवून हळूच विचारतो, 'अजून थोडे दिवस नको म्हणून सांगाल का?' खेळ त्यांचा राहिलेलाच नसतो. तो कधी गेला, हे घरात कुणाला कळतसुद्धा नाही."

बाबा उठला. मग भिंगरीजवळ जाऊन जमिनीवरच बसला.

"खरं सांग, रविवारी पोटात काय होतं?"

"सगळे एकदम बोलतात. कुणाचं ऐकायचं ते मला कळत नाही. एकाचं ऐकलं की दुसरा ओरडतो. मग पोटात गोळा येतो."

"आणि फुटबॉल? तो आवडतो का?"

"आवडतो की!" ती त्याच्याकडे अशा नजरेने बघू लागली, जणू त्याने काहीतरी भलतंच विचारलं होतं.

बाबाच्या आता लक्षात आलं. मुलीला जे आवडत होतं, त्याचीच धास्ती त्याने तिच्या मनात भरली होती. आणि वर पोटाचे डॉक्टर शोधत फिरला होता!

त्याने कोचला फोन केला. कोच म्हणाला, "कडेला ओरडू नका, असं मी सांगून थकलो. तुम्ही पालक आहात, तुम्हीच बोला." मग पुढच्या रविवारी बाबा सगळ्या आईबाबांसमोर उभा राहिला. जीभ अडखळत होती, पण तो बोलला. "आज टाळ्या वाजवू, पण सूचना नकोत. मलाही जमेल की नाही, ठाऊक नाही. बघू तरी." काहींनी माना डोलावल्या, काहींनी नाकं मुरडली. शिट्टीकाका फणकारले आणि गाडीत जाऊन बसले.

गप्प राहणं महाकठीण! बाबा कधी हाताची घडी घाली, कधी ओठ चावी. पण मैदानात नवलच घडत होतं. पोरं एकमेकांशी बोलू लागली होती! एकाच्या बुटाची नाडी सुटली तर दोन्ही संघ थांबले. कुणी पडलं, तर समोरच्या संघातल्या मुलीने हात दिला. भिंगरी धावली, चुकली, हसली, पुन्हा धावली. गोल किती झाले, कुणी केले, बाबाला काही म्हणजे काही समजत नव्हतं.

"कोण जिंकलं हो?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"लक्षातच नाही राहिलं!" तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

परतीच्या वाटेवर भिंगरीची टकळी थांबेना. कुणी कुणाला पाडलं, कुणाचा दात हलतोय, गोलकीपर गवतात काय शोधत होता. बाबा गाडी चालवता चालवता "मग?" "मग पुढे?" एवढंच विचारत होता. आजवर दर मॅच त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिली होती, तरी यातलं काहीच त्याला दिसलं नव्हतं.

मंडळी, उत्तेजन कुठे संपतं आणि हट्ट कुठे सुरू होतो, याचा गोंधळ त्या बापाच्या मनात आजही आहे, आणि तो तुमच्याआमच्या मनातही असणारच. तेव्हा अडलं तर मुलांनाच विचारा, आणि ती सांगतील ते ऐकायला आधी आपलं तोंड बंद करा. आपल्या राहून गेलेल्या हौशी त्यांच्या इवल्या पायांनी पुऱ्या करायच्या नसतात. खेळ मुलांचा आहे. आपण फक्त बघायला आलेलो आहोत!