जमिनीला लागलेली पुंगळी

नॉर्डालच्या नेमबाजी क्लबात एक नियम पोरासोरांनाही पाठ होता. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी जमिनीला लागली की ती क्लबची. हवेत झेलली तर तुमची. नियम ऑर्विल टॉलेफसनने केला होता. तो क्लबचा अध्यक्ष होता, आणि सामना संपल्यावर मैदान झाडून काढायचं कष्टाचं काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे. लोकांना त्याचं फार कौतुक वाटे.

त्याची भावजय आर्लिस पुंगळ्या झेलायची. तिची बंदूक बिजागरीवर मध्ये दुमडून उघडणारी. उघडली की पुंगळी मागे उडे, आणि सत्तरी ओलांडलेली ही बाई माशी पकडावी तशी ती पकडे. मग घरी, तळघरातल्या हातयंत्रावर पुन्हा भरणं: बुडातली जुनी, ठिणगी पाडणारी टोपी काढून नवी, मग बंदुकीची दारू, वर प्लॅस्टिकची वाटी, वाटीत छर्रे, आणि तोंड मुडपून बंद. नवरा डेलमार होता तोवर दोघं मिळून भरायची. आता ती एकटी.

गेल्या शरदात, शेजारच्या गावाशी सामना ऐन रंगात आला असताना तिचं एक काडतूस फुस्स झालं. दारू घालायचीच राहिली होती. अशा वेळी वाटी नळीतच अडकते आणि तशीच पुढची झाडली तर नळी फुटते, म्हणून खेळ थांबवून नळी तपासावी लागते. ती तपासून होईपर्यंत शेजारचं गाव हसत होतं. ऑर्विलने लगेच ठराव केला: संघात पुन्हा एकदा फुस्स झालं, की घरी भरलेली काडतुसं कायमची बंद. घरी भरणारं आर्लिसशिवाय कोणी उरलं नव्हतं, तेव्हा ठराव कोणासाठी हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.

आर्लिसने तेव्हाच ठरवलं. पुढचा सामना घरच्याच काडतुसांवर, आणि फुस्स एकही नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती यंत्रावर बसली होती. यंत्राची पट्टी एकदा सरकवली की दारू, परत सरकवली की छर्रे. शेवटचं खोकं भरत आलं होतं, तेवढ्यात ऑर्विल दालचिनीचे रोल घेऊन तळघरात उतरला.

"डॉक्टर म्हणतो, गुडघा बदल," तो खुर्चीवर टेकत म्हणाला. "मी म्हटलं, दुसरा काय मेंढीचा बसवणार?"

"ऑर्विल, मी भरतेय."

"भर ना. मी कुठे हात धरलाय?"

गुडघ्यावरून तो डॉक्टरकडे आणि डॉक्टरवरून त्याच्या नव्या बोटीकडे वळला. आर्लिसचा हात यंत्राच्या दांड्यावर थबकला. या सगळ्यात एकदा पट्टी सरकवली होती की नव्हती? ती समोरच्या ढिगाकडे पाहत राहिली. मग उठून चाकू घेऊन आली.

"हे काय करतेस?"

"कापतेय."

"सगळी?"

"कोणतं ते तू सांगशील?"

एकेक काडतूस कापत तिने दारू पातेल्यात ओतली. ऑर्विल एक रोल संपवून दुसऱ्याकडे वळला. शेवटचं कापून झालं. दारू सगळ्यांत होती.

"म्हणजे फुकट कापलीस," ऑर्विल म्हणाला.

"फुकट कसं? आता माहीत आहे."

"पुंगळ्या तर गेल्या ना. दुकानातली घे, मी देतो. तुझ्याशिवाय उद्या आपण पार झोपलो."

"दुकानातली नको. पुंगळ्या दे."

"माझ्याकडे कुठून येणार पुंगळ्या?"

"मैदान कोण झाडतं?" आर्लिसने विचारलं, आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली. दुसरा रोल अर्धाच ठेवून ऑर्विल उठला, आणि थोड्या वेळाने आपल्या घरून पुंगळ्यांनी भरलेलं, कोंबडीच्या खाद्याचं एक पोतं ओढत परत आला.

तिने मूठभर पुंगळ्या उचलल्या. प्रत्येकीच्या पितळी बुडावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका होता. तिचंच नेलपॉलिश. डेलमार खुणेला लावायचा. त्याची बंदूक आपोआप पुंगळ्या फेकणारी, त्यामुळे त्याच्या सगळ्या जमिनीवरच पडायच्या.

"क्लबच्या पुंगळ्या क्लबात नसतात वाटतं."

"माझं तळघर अध्यक्षाचंच आहे," ऑर्विल म्हणाला.

तिने बराच वेळ तो ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

"बस इथे. रोल खा. आणि तोंड रिकामं होऊ देऊ नकोस."

पोत्यात चिरलेल्या पुंगळ्याही होत्या. तिने एकेक उजेडात धरून निवडली आणि नव्याने भरायला बसली. दारू पडली की वाटी ठेवण्याआधी पुंगळीत डोकावायचं, मगच पुढे. संध्याकाळपर्यंत ऑर्विल गुडघ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पन्नास वर्षांत हे प्रथमच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी नॉर्डाल हरलं. ऑर्विलने दुकानातल्या ताज्या काडतुसांनी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या चुकवल्या, आणि मग वाऱ्याला नावं ठेवली. आर्लिसचं मात्र प्रत्येक काडतूस खणखणीत वाजलं. शेवटची तबकडी फुटली, तिने बंदूक उघडली, आणि थकलेल्या बोटांतून पुंगळी निसटून घरंगळत ऑर्विलच्या बुटाशी थांबली. शेजारचं गाव बघत होतं.

ऑर्विल गुडघा सांभाळत वाकला. गुलाबी ठिपका बघून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"नियम आहे," आर्लिस म्हणाली.

त्याने पुंगळी खिशात टाकली.

"नीट ठेव," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी भरायला लागेल."