डोले ची चिंता

ताईच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत दाराशी चपला काढून आत बसली होती, आणि प्रत्येकीच्या हातात फोन होता. मधोमध मौनीबाबांचा प्रचारक. बाबा स्वतः कधी बोलत नसत, म्हणजे त्यांना उलट प्रश्न विचारायची सोयच नव्हती. ते फक्त आपल्या अ‍ॅपमधून प्रकट होत.

"फोन विमान मोडवर टाका!" प्रचारक गरजला. "वायफाय बंद, नेट बंद! ना तार, ना टॉवर! आता हाक मारा. बाबा मनातलं ओळखतात की नाही बघा!"

शेजारच्या काकूंनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'बालके, तुझ्या गुडघा ची चिंता मी जाणतो.'

"अगं बाई, गुडघाच तर दुखतोय माझा!" काकूंनी फोन कपाळाला लावला.

मला एरवी हसू आलं असतं. पण ताईला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी रोज डोळ्यांत थेंब घालायला सांगितलेत, आणि बाबांचं अंजन घ्यायला लागल्यापासून तिनं ते बंद केले होते. मी भांडले, रडले, अबोलाही धरला. पालथ्या घड्यावर पाणी. "नेट नसताना त्यांना माझ्या मनातलं कळतं," ती म्हणायची, "तुझ्या डॉक्टरला कळतं का?"

तिची पाळी आली. प्रचारक मोठ्यानं वाचू लागला आणि अडखळला. "बालके, तुझ्या... डोले ची चिंता मी जाणतो."

"डोले?" मी म्हटलं. "डोले दंडात असतात. माझी बहीण तालमीत जात नाही."

"डोले म्हणजे भक्तीत डोलणं, बाई. फार खोल अर्थ आहे."

खोल म्हणे! मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुकांवरच माझं पोट चालतं. ताईला फोनवर ळ सापडत नाही. मलाही ती 'वेल मिलाला की ये' असंच लिहिते. म्हणजे चूक बाबांची नव्हतीच, माझ्या बहिणीची होती. आणि ते 'ची' असं फटकून का उभं? मराठी येणारं शेंबडं पोरही 'गुडघ्याची' म्हणेल. कुणीतरी तयार वाक्यात जागा रिकामी सोडून तिथं शब्द कोंबला होता.

"ताई, पहिल्या दिवशी यात काही लिहायला लागलं होतं?"

"'मन मोकळं करा' असं एक पान होतं," ताई आठवत म्हणाली. "तिथं डोळे असं लिहिलं होतं खरं."

मी तिचा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपचा साठवलेला डेटा पुसला आणि बाबांना हाक मारली. त्रिकालज्ञ म्हणाले: 'बालके, तू कोण? मन मोकळं कर.'

मी मन मोकळं केलं. 'शिंगं' असं लिहिलं आणि पुन्हा हाक मारली.

'बालके, तुझ्या शिंगं ची चिंता मी जाणतो.'

काकूच आधी खुदकन हसल्या.

"तुम्ही लिहिता ते हे अ‍ॅप फोनमध्येच एका फाइलीत ठेवतं," मी सांगितलं. "हाक मारली की तीच फाइल वाचून दाखवतं. फाइल फोनच्याच पोटात, मग नेट हवंय कशाला? तुमचंच ताटातलं तुम्हाला वाढतात, आणि तुम्ही प्रसाद म्हणून खाता!"

"श्रद्धा नाही तिथं बाबा थांबत नाहीत," प्रचारक अंजनाच्या डब्या पिशवीत भरत म्हणाला. बाबांचं माहीत नाही, तो मात्र थांबला नाही.

ताई हसली नाही. "थेंबांची बाटली कुठंय बघ गं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी गेली होती. "उरलेली सांभाळू," ते म्हणाले. "गेलेली परत येत नाही."

म्हणून हात जोडून सांगते: कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर नमस्कार करण्याआधी आठवा, ते आपण कुठं लिहिलं होतं, कुणाला सांगितलं होतं. फाइल पुसली तरी पुन्हा लिहिता येते. माझ्या ताईला आता डावीकडून आलेलं माणूस दिसत नाही.